अकिहाबारातला पोटाफेस आणि मिरजेचा तंबोरा

हेडफोनचं प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, तर मोठाले स्पीकर, माइकवर ओरडणारा अँकर, लकी ड्रॉ आणि दर चार पावलांवर "सर, एक मिनिट सर". पोटाफेसमध्ये यातलं काही म्हणजे काही नाही. हॉलभर माणसं टेबलांसमोर उभी, कानात काहीतरी घातलेलं, निम्म्यांचे डोळे मिटलेले, आणि बोलणं चालू असलं तरी खालच्या आवाजात, तेसुद्धा समोरच्यानं कानातून इयरफोन काढल्यावरच. आपण टेबलापाशी गेलो तरी पलीकडचा माणूस झडप घालत नाही, नुसती मान लवून हसतो आणि वाट बघतो. मला हे इतकं आवडलं ना, की बाकी काही नसतं तरी तेवढ्यासाठी मी परत गेलो असतो.

तर पोटाफेस म्हणजे पोर्टेबल ऑडिओ फेस्टिवल. भरवतं कोण, तर ई-इयरफोन नावाचं एक दुकान. हो, दुकानच. ओसाकाच्या निप्पोनबाशी भागात सुरू झालेलं, नंतर अकिहाबारात आलेलं, आणि आत शिरून वाट्टेल तेवढे इयरफोन कानाला लावून बघू देणारं. टोकियोत त्यांचा फेस्टिवल साधारण उन्हाळ्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा असतो, शनिवार-रविवारी, अकिहाबारा स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर बेलसाल नावाच्या हॉलमध्ये. प्रवेश फुकट. मी गेलो तो हिवाळ्यातला.

आम्ही निशी-कासाईला राहतो (टोकियोतली अर्धी मराठी मंडळी तिथंच राहतात असं मला रोज संध्याकाळी भाजी घेताना वाटतं), तिथून तोझाई लाइन पकडायची, कायाबाचोला हिबिया लाइन बदलायची की अकिहाबारा. या देशात इयरफोनचं एवढं वेड का, याचं उत्तर या प्रवासातच मिळतं खरं तर. गच्च भरलेला डबा, आणि आवाज कुणाचाच नाही. ट्रेनमध्ये फोनवर बोलणं म्हणजे इथं असभ्यपणा, मग माणसं रोज तासतास कानात काहीतरी घालूनच बसणार ना. घरी गेलं तर भिंती पातळ, शेजाऱ्याची शिंकसुद्धा ऐकू येते, स्पीकर लावायची सोय नाही. सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ ला इथंच बाजारात आला, ३३,००० येनला, आणि गंमत म्हणजे त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण, ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि दोघांना माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. म्हणजे माणूस एकटाच कानात घालून फिरेल हे बनवणाऱ्यांनाही तेव्हा जरा विचित्रच वाटलं असावं. आता डब्यात बघितलं तर प्रत्येक जण एकटाच.

अकिहाबाराबद्दल ज्यांनी फक्त ॲनिमे आणि मेड कॅफे ऐकलंय त्यांच्यासाठी सांगतो, हे मुळात रेडिओवाल्यांचं गाव. युद्धानंतर इथं रेडिओचे सुटे भाग विकणारे फुटपाथवर बसायचे, पुढं त्यांना रेल्वेच्या पुलाखाली जागा मिळाली आणि तिथं आजही रेडिओ सेंटर आहे, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढ्या गाळ्यांत म्हातारे दुकानदार व्हॉल्व्ह, स्विच, कनेक्टर असं काय काय मांडून बसलेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्यानं पाहिलाय त्याला इथं परकं वाटायचं कारणच नाही. त्यामुळे पोर्टेबल ऑडिओचा मेळा इथंच भरणार हे ओघानंच आलं.

सोबत ऑफिसातला एक जपानी मित्र होता, त्याला आवाजातलं फार काही कळत नाही असं तोच म्हणतो पण रांगेत उभं राहायला आवडतं. आणि रांगा होत्याच. नव्या, गाजणाऱ्या वस्तूंसाठी काही टेबलांवर नंबराच्या चिठ्ठ्या देतात, अमुक वाजता या, दहा-पंधरा मिनिटं तुमची. ती चिठ्ठी घ्यायची आणि तोवर बाकीचं फिरायचं. त्यामुळे आत शिरल्या शिरल्या आधी चिठ्ठ्या गोळा करा, मग निवांत फिरा. बाकी कुठं नंबर-बिंबर नाही, मागे उभे राहा, पुढचा माणूस स्वतःहून दहा मिनिटांत बाजूला होतो, जाताना इयरफोन ओल्या टिश्यूनं पुसून, केबल नीट गुंडाळून, जसा होता तसा ट्रेमध्ये ठेवून.

आलेल्या लोकांकडे बघत बसलं तरी दिवस जाईल. एका माणसाकडे सोनीचा तो सोनेरी वॉकमन होता, २०१६ सालचा डब्ल्यूएम१झेड, तांब्याच्या ठोकळ्याला आतून कोरून वर सोन्याचा मुलामा दिलेला, वजन ४५५ ग्रॅम, आणि तेव्हाची किंमत ३ लाख येनच्या घरात (येनचा आकडा सध्या साधारण अर्धा केला की रुपये). तो त्यानं चामड्याच्या पाऊचमध्ये गळ्यात अडकवला होता, मान दुखत नसेल का असा प्रश्न मला पडला पण विचारलं नाही. दुसऱ्या एका काकांनी, साठीचे तरी असतील, जुन्या पद्धतीनं प्लेयर आणि ॲम्प एकावर एक ठेवून रबरबँडनं बांधले होते. कॉलेजच्या मुली होत्या, त्यांच्याकडे डबीत वर्गवारी करून ठेवलेल्या इयरटिप्स, म्हणजे इयरफोनच्या तोंडाला लावतात ती रबरी टोपणं, रंगानुसार आणि साइजनुसार. आपल्याकडे टिप म्हणजे बॉक्समध्ये येते ती, लहान-मध्यम-मोठी, बसली तर बसली. इथं टिप्सची वेगळी टेबलं, वेगळ्या कंपन्या, आणि फायनल नावाची कावासाकीची कंपनी आहे तिच्या टाइप ई टिप्स पाच साइजमध्ये येतात, एसएसपासून एलएलपर्यंत.

आणि हे खूळ नाहीये. इयरफोन कानात घट्ट बसला नाही तर खालचा आवाज, बेस, सरळ गळून जातो, मग तो पाचशे रुपयांचा असो की पाच लाखांचा. मी तर तबल्यावरून बघतो. डग्ग्याचा घुमारा भरून आला तर टिप बसली, नुसती टकटक ऐकू आली तर साइज बदला. आणि टिप किती आत जाते यावर वरचा आवाजही बदलतो, कारण कानाची नळी आणि इयरफोनचं तोंड यांच्यामधल्या पोकळीत एखादा स्वर उगाच घुमायला लागतो. म्हणून ज्याला "हा इयरफोन टोचतो" वाटतं त्यानं आधी टिप बदलावी, मग शिव्या घालाव्यात.

आता मुख्य गोष्ट. जाताना मी फोनमध्ये स्वतःचं संगीत भरून नेलं होतं, डाउनलोड करून, कारण हॉलमध्ये नेटवर विसंबून चालत नाही. टेबलांवर त्यांचे प्लेयर असतात पण त्यात काय, जॅझ, जपानी पॉप, ॲनिमेची टायटल गाणी, सगळं छान वाजतं, कारण ते छान वाजतं म्हणूनच तिथं ठेवलेलं असतं. माझ्याकडे एक जुनं मैफलीचं रेकॉर्डिंग आहे, सुरुवातीला जवळजवळ मिनिटभर नुसते दोन तंबोरे, मग गवयाचा पहिला षड्ज. हेडफोन तपासायला याच्याइतकी कठीण परीक्षा नाही असं माझं मत आहे. कारण तंबोऱ्याची जवारी. जवारी म्हणजे काय, तर तार घोडीवर अशी बसवलेली असते आणि तिच्याखाली सुताचा धागा असा सरकवलेला असतो की छेडल्यावर ती घोडीला घासत घासत कंप पावते, त्यामुळे एकाच स्वरातून वरवरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात. हेडफोननं वरचा आवाज उगाच उचललेला असेल तर तंबोरा पत्र्यासारखा करवादतो, दाबलेला असेल तर नुसतं गुंगुं होतं. मधलं काहीतरी बरोबर जमलं तरच तो तंबोरा वाटतो. गिटार, व्हायोलिन, ड्रम यांत बऱ्याच चुका लपतात, तंबोऱ्यात लपत नाहीत.

एका छोट्या जपानी कंपनीच्या टेबलावर, नाव नाही लिहीत कारण त्यांचा तो नमुना अजून बाजारात यायचा होता आणि फोटोही काढू नका अशी पाटी होती, मी हे लावून ऐकत होतो आणि चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण पलीकडच्या माणसानं विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं गाण्याला चांगला आहे, पण या वाद्याला वर कुठेतरी जरा धार जास्त आहे. तो म्हणाला, मला ऐकू द्याल का? त्याला माझा फोन दिला, त्यानं स्वतःचा इयरफोन लावला, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "यात आवाज सुरू कुठे होतो तेच सापडत नाही." बोला! तंबोऱ्याचं याहून चांगलं वर्णन मी आमच्या गाण्याच्या क्लासलाही ऐकलं नव्हतं. नंतर कळलं की तो सेल्सचा नव्हता, तो इयरफोन त्यानंच ट्यून केलेला. त्यानं खालून आणखी एक नमुना काढला, बाहेरून अगदी तसाच, आतल्या फिल्टरची जाळी वेगळी, म्हणाला आता ऐका. आणि खरंच, धार गेली, पण षड्ज लागल्यावर गवयाचा आवाजही जरा मागे गेला. तो हसला, म्हणाला हेच आमचं भांडण चालू आहे, जपानी गायिकांच्या आवाजाला पहिला बरा वाटतो, वाद्यांना दुसरा. वहीत काहीतरी लिहून घेतलं त्यानं. माझं ऐकून ते काही बदलतील अशातला भाग नाही, पण बनवणारा माणूस स्वतः टेबलामागे उभा राहून अनोळखी गिऱ्हाइकाच्या फोनमधला तंबोरा ऐकतो, हे मला दुसरीकडे कुठं बघायला मिळालं असतं?

त्यानं विचारलं हे वाद्य कशाचं बनतं. भोपळ्याचं म्हटल्यावर त्याचा विश्वासच बसेना, मग फोटो दाखवले. आणि मग मी मिरजेची गोष्ट सांगितली, जपानीत जमेल तशी. मिरजेचे तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी ही मूळची शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांचं काम आटलं, आणि त्यांच्यातले काही जण वाद्यांची दुरुस्ती करता करता वाद्यं बनवायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला. हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग तुम्ही फिटइअरच्या टेबलावर जायलाच हवं.

फिटइअर म्हणजे मापाचे, कस्टम इयरफोन बनवणारी टोकियोची कंपनी, आणि ही मुळात आहे सुयामा डेंटल लॅबोरेटरी! दातांच्या कवळ्या, कॅप बनवणारे लोक. विचार केला तर अगदी सरळ आहे, एका माणसाच्या तोंडाचं माप घ्यायचं, त्यावरून ॲक्रिलिकमध्ये अचूक वस्तू घडवायची, घासून गुळगुळीत करायची, जरा कुठं टोचता कामा नये. तेच कानाचं. माप घेताना कानात आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा घालतात, पडद्याच्या अलीकडे, मग सिलिकॉन भरतात आणि ते घट्ट होईपर्यंत तोंडात एक ठोकळा धरून बसायचं, कारण जबडा हलला की कानाची नळीही आकार बदलते. हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुम्ही आत्ता कानात बोट घालून तोंड उघडझाप करून बघा, कळेल.

आणि उलटी गोष्ट ऑडिओ-टेक्निकाची. १९६२ साली ग्रामोफोनच्या सुईची कार्ट्रिज बनवायला सुरू झालेली कंपनी, आपल्याकडे तिचे एम५० हेडफोन रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत, आणि हीच कंपनी सुशीचे भाताचे मुटके वळणारी मशीनसुद्धा बनवते. थट्टा नाही, ऑटेक नावानं खरंच विकते, १९८० च्या दशकापासून. माझ्या मित्राला आख्ख्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ही माहिती. दातवाले कानाचं करतात, कानवाले भाताचं करतात, शिकलगार तंबोरे करतात. हाताला सफाई आणि बारीक मापाची सवय असली की माणूस काहीही बनवू शकतो बहुतेक.

बाकीचं भराभर सांगतो. चिनी कंपन्यांची टेबलं भरपूर होती आणि खरं सांगायचं तर पैशाच्या मानानं सगळ्यात दणदणीत माल त्यांचाच. सॉकेटचा गोंधळ आता जरा कमी झालाय, साधी ३.५ मिलिमीटरची पिन आणि बॅलन्स्डसाठी, म्हणजे डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीसाठी, ४.४ ची जाडी पिन, जी जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेनं ठरवून दिली आणि सोनीनं उचलून धरल्यावर सगळीकडे झाली, एवढ्या दोन असल्या की काम भागतं. वायरलेसची टेबलं तरुण मुलांनी भरलेली, आणि तिथं एक प्रकार असा की "कनेक्ट झालं", "बॅटरी कमी आहे" हे तुमच्या आवडत्या ॲनिमेतल्या पात्राच्या आवाजात ऐकू येतं, त्याच कलाकाराकडून रेकॉर्ड करून घेतलेलं. मी आधी हसलो, पण त्या टेबलावरची गर्दी बघितल्यावर हसू आवरलं.

केबलच्या टेबलावर मात्र माझं आणि मित्राचं वाजलं. सहा आकडी येनची केबल, चांदी आणि सोनं मिसळून ओढलेली तार, आणि तिनं आवाज "मोकळा" होतो म्हणे. मी दोन वेळा आलटून-पालटून ऐकलं, मला काही फरक कळला नाही, मित्र म्हणाला मला कळला, मी म्हटलं तुला तर आवाजातलं कळत नाही ना. असो. एवढ्या गलबल्यात कुणाला काय कळणार हाही प्रश्न आहेच. कारण लोक कितीही हळू बोलले तरी शेकडो लोकांच्या हळू बोलण्याचा मिळून एक सतत भुणभुणाट होतो, वर एसी, वर मध्येच अनाउन्समेंट. कानात घुसणारे इयरफोन तिथं बऱ्यापैकी जोखता येतात कारण ते बाहेरचा आवाज अडवतात, पण ओपन-बॅक हेडफोन, ज्यांना मागून जाळी असते आणि बाहेरचं सगळं आत येतं, ते तिथं ऐकून मत बनवणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. लोक ऐकतात तरीही, आणि मान हलवतात. आवाज वाढवून ऐकतात हाही लोचा, जास्त मोठा वाजतो तो चांगला वाजतो असं कानाला वाटतंच. म्हणून माझा नियम असा की हॉलमध्ये फक्त नापास करायचं, पास करायचं ते दुकानात जाऊन शांतपणे, आणि दुकान चालत जाण्याएवढ्या अंतरावर असल्यामुळे ते सोपंही आहे.

घेतलं काय, तर टिप्सचं एक पाकीट. पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर "एवढ्या लांब जाऊन रबर घेतलंस होय रे" म्हणून सगळे तुटून पडले. पडू देत.

ओपन-बॅक आणि इलेक्ट्रोस्टॅटिक (चुंबकाऐवजी विजेच्या भारावर चालणारे) हेडफोन ऐकायचे तर दुसरा मेळा आहे, हेडफोन मात्सुरी, फुजिया एव्हिक नावाच्या नाकानोच्या दुकानाचा. नाकानो ब्रॉडवेमधलं हे दुकान जुन्या, वापरलेल्या ऑडिओ मालासाठी लोकांना जास्त माहीत, आणि इथल्या जुन्या मालाचा दर्जा ते इतकं प्रामाणिकपणे लिहितात की "किंचित ओरखडा" वाचून शोधायला गेलं तर ओरखडा सापडत नाही. त्यांचा मेळा पूर्वी नाकानो सन प्लाझात भरायचा, १९७३ ची ती पांढरी तिरपी इमारत, जिचे दरवाजे जुलै २०२३ मध्ये कायमचे बंद झाले. आता तो टोकियो स्टेशनला लागूनच असलेल्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये होतो, वसंतात आणि शरदात. वेगवेगळ्या खोल्या असल्यामुळे तिथं जरा धड ऐकू येतं असं पोटाफेसमध्ये भेटलेल्या दोघा-तिघांनी सांगितलं.

मला तिथं स्टॅक्स ऐकायचाय. साइतामातली १९३८ सालची कंपनी, जगातला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन १९६० मध्ये यांनीच काढला, आणि ते त्याला हेडफोन म्हणतच नाहीत, इयरस्पीकर म्हणतात. आत केसापेक्षाही कितीतरी पातळ फिल्म, तिला ५८० व्होल्टचा भार दिलेला, दोन जाळ्यांच्या मधे ती हलते, चुंबक नाही, कॉइल नाही. २०११ पासून मालकी चिनी कंपनीकडे गेली तरी बनतात जपानमध्येच. एवढी हलकी फिल्म जवारी कशी उलगडून दाखवते हे ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. येत्या शरदातल्या मेळ्याला जायचं पक्कं केलंय, मित्रही येतो म्हणालाय, स्टॅक्सच्या खोलीबाहेर मोठी रांग असते हे कळल्यावर तर तो फारच खूश झाला. दारं उघडायच्या आधीच जाऊन उभं राहायचं ठरलंय, आणि खाली टोकियो स्टेशनात एकिबेनचे डबे मिळतात, त्यामुळे जेवणाची चिंता नाही.